खडा कधी चुकत नाही

अभिनंदन! आपण सोळाव्या शतकातल्या इटलीत आहात, घरात पैसा आहे आणि जेवणात कोणी विष घालील अशी धास्ती वाटावी इतके नातेवाईकही आहेत. आता तेवढं रत्नांचं बघून घ्या.

सुरुवात पुस्तकापासून करा. पेझारोचा वैद्य कामिल्लो लेओनार्दी याने रत्नांच्या गुणांवर लिहिलेला ग्रंथ १५०२ साली व्हेनिसमध्ये छापला आणि अर्पण केला चेझारे बोर्जियाला. विषावर कोणते खडे चालतात हे विषप्रयोगासाठी बदनाम असलेल्या बोर्जिया घराण्याला वेळेवर कळलेलं बरं.

बाळ झालं की गळ्यात पोवळं घाला. पिएरो देल्ला फ्रांचेस्काने बाळ येशूच्या गळ्यातसुद्धा पोवळं रंगवलंय. देवाच्या लेकाला दृष्ट लागते, तिथे तुमच्या कार्ट्याची काय कथा! रात्री बसायचा बेत असेल तर बोटात जांभळा अ‍ॅमेथिस्ट हवा, म्हणजे चढत नाही. पाचू जपून वापरा. घालणाऱ्याने नको ते उद्योग केले की तो तडकतो म्हणतात. बायकोने हौसेने पाचूची अंगठी दिली, तर हौस नेमकी कसली ते ओळखा.

घोड्यावर बसणाऱ्यांसाठी पिरोजा. सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचा वैद्य अन्सेल्मुस द बूट घोड्यासकट खाली कोसळला. त्याला काही झालं नाही, पिरोजा मात्र तडकला. म्हणजे मार खड्याने अंगावर घेतला. मुळात पडलात कसे, हे विचारायचं नसतं. आणि खड्याने कामच केलं नाही तर? जाणकारांच्या मते घालणारा पापी निघाला की रत्नाचा गुण जातो. इतकं चोख कलम आजवर एकाही विमा कंपनीला सुचलेलं नाही.

दुखणं बळावलं तर रत्न बोटातून थेट खलात. १४९२ साली फ्लॉरेन्सचा सत्ताधीश लोरेंझो मेदिची याला मोती आणि तऱ्हेतऱ्हेची रत्नं कुटून पाजली होती. त्यासाठी मिलानहून खास वैद्य आला होता. लोरेंझो ४३व्या वर्षी गेला आणि त्याच्या नेहमीच्या वैद्याचं प्रेत विहिरीत सापडलं. वैद्यमंडळींनी फी आधी घ्यावी.

हिरा मात्र कुटू नका. त्याची पूड म्हणजे जालीम विष, आतडी चिरत जाते. (हिरकणी गिळून प्राण सोडण्याच्या कथा आपल्याकडेही कमी नाहीत.) सोनार बेन्वेनुतो चेल्लीनी रोममध्ये कैदेत असताना त्याच्या जेवणात ही पूड घालायचं ठरलं, निदान आत्मचरित्रात तो तसं सांगतो. हिरा कुटायला दिला लिओने नावाच्या दुसऱ्या सोनाराकडे. लिओने पडला गरीब. त्याने हिरा खिशात टाकला आणि दोन दमड्यांचा खडा कुटून दिला. ही हिऱ्यापोटीची गारगोटी चेल्लीनीच्या पोटात गेली आणि गडी जगला. तेव्हा सोनाराची नीट चौकशी करा. प्रामाणिक निघाला तर तिथून उठा.

गोव्यातला पोर्तुगीज वैद्य गार्सिया दा ओर्ता मात्र १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात म्हणतो की हिरा विषारी नाही. चोर हिरे गिळून पळवतात आणि ठणठणीत राहतात. असल्या माणसांच्या नादी लागू नका. एवढं मोलाचं रत्न शेवटी कुठल्या वाटेने बाहेर येतं, हे भरल्या ताटावर कोणाला ऐकायचंय?

राहिला बकरीच्या पोटात सापडणारा खडा, सर्व विषांवर एकच उतारा. फ्रान्सच्या नवव्या शार्लकडे असा एक होता. ‘असा उतारा असूच शकत नाही,’ असं त्याचा शल्यवैद्य आंब्रवाझ पारे म्हणाला. मग चांदीची भांडी चोरल्याबद्दल फाशी ठरलेल्या एका आचाऱ्याला विष दिलं, वर खडा दिला. आचारी काही तास तडफडून मेला. पारेचं म्हणणं खरं ठरलं आणि खड्यांचा खप चालूच राहिला. बकऱ्या पुरेनात म्हणून की काय, सतराव्या शतकात गोव्यातले जेझुइट कस्तुरी, अंबर आणि रत्नांची पूड मिसळून असे खडे हाताने वळू लागले. ते किसून पाण्यातून घ्यायचे. काही खडे सोन्याच्या जाळीदार डबीत मिळतात, आपण तोच घ्या. आचाऱ्याचा विषय दुकानात काढू नका, खडा घासूनपुसून तपासत बसू नका; डबी मात्र दाताखाली धरून बघा.