कोयत्याचं पाणी

काल संध्याकाळी शेजारच्या काकांनी माझा कोयता परत दिला. शनिवारी नेला होता, कुंपणापाशी माजलेली झुडपं छाटायला, "अर्ध्या तासात आणून देतो" म्हणून. त्यांचा अर्धा तास बुधवारी संपला. ते एक वेळ सोडा, पण ज्या अवस्थेत परत आला ते बघून मी रात्रभर कुणाशी धड बोललो नाही आणि बायको म्हणते एवढं काय तोंड पाडून बसायचं, लोखंडाचा तुकडा तर आहे.

लोखंडाचा तुकडा! अहो हाय कार्बन स्टील आहे ते. स्टेनलेस नाही की वापरला आणि दिला कोपऱ्यात फेकून. झाडाचा चीक रात्रभर पात्यावर राहिला की सकाळी काळे डाग, आणि हवा दमट असली तर बघता बघता तांबूस गंज. म्हणून माझा शिरस्ता ठरलेला आहे, काम संपलं की चीक खरवडायचा, पातं खडखडीत कोरडं करायचं, मग तेलाचा बोळा, तोही इतक्या हलक्या हाताने की बोटाला लागावं पण थेंब दिसू नये. मूठ लाकडाची, तिला मधूनमधून जवसाचं तेल. चामड्याच्या म्यानात तर महिनोन् महिने ठेवायचाच नाही, चामडं ओल धरून बसतं आणि पातं आतल्या आत गंजतं. हे सगळं मी देताना सांगितलं होतं. काका "हो हो, हो हो" म्हणाले होते. तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

तर काका आले ते प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीला गाठ. गाठीवर परत गाठ.

"घे बाबा. स्वच्छ धुऊन आणलाय."

गाठी सोडल्या तर पिशवीत आतून दव पडल्यासारखे थेंब आणि मुठीपाशी रिव्हेटांभोवती गोल गोल नारिंगी कडी.

"काका, पुसला नाहीत का?"

"अरे धुतला ना! धुतल्यावर पुसायचं काय त्यात, वाळतं आपोआप. आपण कपडे पुसतो का?"

याला काय उत्तर देणार? मी अजून कपड्यांचाच विचार करत होतो तेवढ्यात माझी नजर धारेवर गेली. धार निळी होती. टोकाकडे जांभळट निळी आणि अगदी कडेला राखाडी.

"बघितलंस ना? धार पण लावून आणली. तुझी अगदीच बोथट होती रे, मलाच लाज वाटली तुझ्यासाठी. पुतण्याकडे ग्राइंडर आहे, दहा मिनिटांत काम! काय ठिणग्या उडत होत्या! आणि रंग कसला आलाय, पुतण्या म्हणाला त्याला फिनिशिंग म्हणतात."

"काका, पाणी उतरलंय याचं."

"अजून आहे का पाणी? आण, पुसतो." आणि खरंच शर्टाच्या टोकाने पुसायला लागले.

"ते पाणी नाही हो. पोलादाला देतात ते पाणी."

"मग मी वेगळं काय केलं? पाणीच तर दिलं. चांगला पाच मिनिटं नळाखाली धरला होता."

बोथट म्हणे! कोयत्याची धार सुरीसारखी पातळ ठेवतच नाहीत, मी एकेका बाजूला साधारण २५ अंशांचा उतार ठेवतो, त्याहून फार बारीक केली की पहिल्याच जाड फांदीवर धार दुमडते नाहीतर खांड पडते. कोयता झाडाच्या फांद्यांसाठी असतो, त्याने दाढी करायची नसते. आणि पोलाद निळं पडतं ते साधारण ३०० अंश सेल्सियसला, राखाडी झालं म्हणजे त्याच्याही वर गेलं. मोठ्या पात्याचं काही होत नाही, पण धारेची कड असते कागदासारखी, ग्राइंडरखाली ती क्षणात तापते आणि तिथलं पाणी, म्हणजे पोलाद तापवून विझवून त्याला आणलेला कडकपणा, गेलं की गेलं, ती मऊ पडते, मग धार लावा तेवढी लावा, टिकत नाही. ग्राइंडर वापरायचाच तर हलकं टेकवायचं, उचलायचं, पाण्यात बुडवायचं, परत टेकवायचं. म्हणजे काकांनी पाणी वापरलं पण सगळा कार्यक्रम उरकल्यावर.

आणि मी त्यांना काय म्हणालो? "असू दे काका." वर थँक्यूसुद्धा म्हणालो. जीव खरा तिथे जळतोय. माणूस वस्तू नेतो, चार दिवस ठेवतो, तिची वाट लावतो, वर आपल्यालाच लाज काढून दाखवतो आणि आपण त्याला थँक्यू म्हणून फाटकापर्यंत सोडायला जातो.

आता उपाय एकच, जळालेली कड पूर्ण घासून काढायची, खाली चांगलं पोलाद लागेपर्यंत. आज सकाळी पातं बाकाला क्लॅम्प केलं, जाड हातमोजे घातले आणि कानस घेऊन बसलो. कानस पुढे ढकलताना दाबायची, मागे आणताना उचलायची, पुढेमागे रगडत बसलं की कानशीचेच दात मरतात. पलीकडे नखाला अडकेल अशी बारीक कड उठली की बाजू बदलायची. एरवी या पात्यावर कानस चालवायची तर खांदे भरून येतात. आज मात्र साबण किसावा तसा कीस पडत होता, तो बघूनच पोटात गोळा येत होता.

कुंपणापलीकडून काका बघत होते. बराच वेळ बघत होते, हात मागे बांधून.

"बघ," ते म्हणाले, "आता किती सोपं जातंय घासायला. आधी कसला कडक होता!"