‘लिबपायथन सगळीकडे लिंक करा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

पायथनसाठी सी भाषेत एक्स्टेंशन मॉड्यूल (पायथनमध्ये इम्पोर्ट करता येणारी शेअर्ड लायब्ररी) लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो: ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ (वापरलेल्या फंक्शनचे किंवा चलाचे नाव सापडले नाही) अशी त्रुटी दिसली की मॉड्यूल लिबपायथनशी, म्हणजे पायथनचा इंटरप्रिटर असलेल्या लायब्ररीशी, लिंक करावे (बांधतानाच जोडावे), त्यात अपाय काहीच नाही, आणि मग लिनक्स, मॅकओएस व विंडोज या तिन्हींवर एकच मांडणी चालते. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

लिनक्सवर शेअर्ड लायब्ररीत काही सिम्बॉल अनिर्णित राहणे हा मुळात दोषच नव्हे. मॉड्यूल इम्पोर्ट होते तेव्हा इंटरप्रिटर आधीपासून चालू असतो आणि लोडर (लायब्ररी मेमरीत आणणारा प्रणालीचा भाग) ती नावे त्याच्याकडूनच भरून घेतो. त्रुटीत पायथनच्याच एपीआयमधले (सी कोडला वापरता येणाऱ्या फंक्शनांच्या संचातले) नाव आले, तर मॉड्यूल एका आवृत्तीच्या हेडरवर (एपीआयच्या घोषणा असलेल्या फाइलींवर) बांधून दुसऱ्या आवृत्तीत लोड केले नाही ना, हे आधी तपासावे. लिंक केल्याने ती विसंगती मिटत नाही, फार तर झाकली जाते.

‘अपाय नाही’ हे विधान तर सर्वांत घातक. डेबियन आणि उबंटूच्या नेहमीच्या पायथनमध्ये इंटरप्रिटर मुख्य कार्यकारी फाइलमध्येच सामावलेला असतो आणि लिबपायथनचे पॅकेज वेगळे असते. ते नसलेल्या यंत्रावर लिंक केलेले मॉड्यूल लोडच होत नाही. मॅकओएसवर प्रत्येक सिम्बॉल विशिष्ट लायब्ररीच्या नावाशी बांधला जात असल्याने एकाच प्रक्रियेत इंटरप्रिटरच्या दोन प्रती, प्रत्येकीची अवस्था निराळी, असा प्रसंग ओढवतो आणि प्रोग्राम कोसळतो. म्हणूनच तिथे ही नावे लोड होताना शोधावीत, असे लिंकरला स्पष्ट सांगितले जाते. पायथनने स्वतः २०१९ मध्ये, ३.८ आवृत्तीत, अँड्रॉइड व सिग्विन (विंडोजवरचे युनिक्ससारखे वातावरण) वगळता युनिक्स प्रणालींवर हे लिंक करणे थांबवले. डीबग बिल्डमध्ये (दोष शोधण्यासाठी बांधलेल्या पायथनमध्ये) रिलीज बिल्डची (नेहमीच्या पायथनसाठी बांधलेली) मॉड्यूल लोड व्हावीत, हे त्यामागचे एक कारण होते.

विंडोजवर मात्र सल्ला बरोबर ठरतो, कारण तिथे आयात केलेल्या प्रत्येक फंक्शनसोबत ते कोणत्या डीएलएलमधून (विंडोजच्या शेअर्ड लायब्ररीतून) येणार हे फाइलमध्येच लिहावे लागते आणि त्यासाठी इम्पोर्ट लायब्ररी लागते. (मायक्रोसॉफ्टचा कंपायलर असेल तर पायथनचे हेडरच ती परस्पर जोडतात, त्यामुळे अनेकांना याचा पत्ताही नसतो.) पण विंडोजची ही गरज इतर प्रणालींवर लादण्याचे कारण नाही. सीमेक या बिल्ड-साधनात पायथनचे ‘मॉड्यूल’ लक्ष्य (टार्गेट) निवडले की हा भेद तेच सांभाळते.

सल्ल्याच्या बाजूने एक खरी अडचण मांडता येते. पायथन आपल्या आत चालवणारा एखादा यजमान प्रोग्राम लिबपायथन स्थानिक दृश्यतेने (तिची नावे इतर लायब्ररींना दिसणार नाहीत अशा रीतीने) उघडतो, तेव्हा लिंक न केलेल्या मॉड्यूलला त्यातली नावे सापडत नाहीत. तिथे दुरुस्ती यजमानात करावी आणि लायब्ररी जागतिक दृश्यतेने उघडावी.