पहिला खेळ चालवायला अख्खं जग लागत नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ, पहिल्यांदाच चालवणाऱ्यांना (त्यांना ‘गेम मास्टर’ म्हणतात) दिला जाणारा एक सल्ला पणजी-फोंड्याच्या मुलांत हातोहात फिरतो आहे. नियमांची तिन्ही पुस्तकं पाठ करा, नकाशासकट जग उभारा, कथा शेवटापर्यंत लिहून काढा आणि पहिल्याच लढाईत खेळाडूंना धाक बसवा. हे ऐकून चांगली चांगली मुलं ‘चतुर्थीनंतर बघू’ म्हणतात आणि खेळ राहूनच जातो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

पुस्तकं पाठ करायची काही गरज नाही. पाचव्या आवृत्तीचा गाभा इतकाच: वीस बाजूंचा फासा टाका, आलेल्या आकड्यात आपल्या पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवा, ठरलेला आकडा गाठला का बघा. सोप्या कामाला 10, मध्यमला 15, अवघडला 20. मूलभूत नियम फुकट वाचायला मिळतात. मध्येच अडलात तर तिथल्या तिथे निर्णय द्या, पुस्तक घरी जाऊन उघडा.

जगाचं म्हणाल, तर एक गाव आणि एक अडचण पुरे. दिवाडी बेटाची फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. शेवटची फेरी चुकली आहे, पलीकडे जाणं भाग आहे, आणि धक्क्यावरचा म्हातारा सांगतो की रात्री पाण्यावर राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवचाराचा, अंमल असतो. एक संध्याकाळ यात सहज जाते.

कथा शेवटापर्यंत लिहा, हा मात्र सर्वांत घातक सल्ला. पेडण्याकडे दशावतारी नाटक पाहिलेल्यांना तो पटूच नये. तिथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, राजा कोण, राक्षस कोण ठरलेलं. संवाद नट उभ्या उभ्या रचतात आणि समोरच्याने नवीन काही काढलं तर तेच उचलून पुढे नेतात. गेम मास्टरचं काम हेच. राखणदाराशी झुंज होणार असं तुम्ही धरून चालला आहात, इतक्यात एक मुलगी विचारते, ‘गावात रोट आणि दारू कुठे मिळेल?’ तिला राखणदाराला हा नैवेद्य देऊन, गाऱ्हाणं घालून वाट मागायची आहे. ‘तो ऐकत नाही’ म्हणालात की ती उरलेला वेळ मोबाईल बघत बसणार. त्याऐवजी राखणदाराला काय हवं आणि त्याचा राग कशावर, एवढं टिपून ठेवा. मग तो म्हणेल, ‘रोट पोचला. पण माझ्या वडाला कुऱ्हाड कोणी लावली?’ पुढच्या सेशनची कथा तुम्हाला तिथेच मिळाली!

आणि जे कळल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही, ते फाशाच्या एका रोलवर टांगू नका. कौशल्याचे +5 गुण असलेला खेळाडूसुद्धा 15 चा आकडा 100 पैकी 45 वेळा चुकतो. तीन ठिकाणी तीन खुणा ठेवा.

धाकाचं काय? पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे जेमतेम सात-आठ हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचे गुण. 2014 च्या नियमांतला साधा गॉब्लिन हा छोटा राक्षस एका वारात सरासरी पाच काढतो, म्हणजे दोन वारांत जादूगार आडवा. जपायला हवं ते खेळाडूंना. गॉब्लिन कमी ठेवा, हरायला लागले की पळू द्या.

खेळाआधी सगळ्यांनी एकदा बसून बोलावं, हे या सल्ल्यात कुठेच नाही. मराठी, कोंकणी की सरमिसळ, आठवड्यातला कुठला वार, खेळात काय नको. शेवटचं नक्की विचारा. एखाद्याच्या घरून राखणदाराला खरोखरच रोट जात असेल आणि त्याला तो खेळात नको असेल, तर नदीत दुसरं कोणीतरी बसवा.