अण्णांचा एप्रन जाळायचा नाही

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. ‘फ्रीमेसन लोकांपासून सावध राहा. ते सैतानाला पुजतात, रक्ताची शपथ घेतात, आपला धर्म बुडवायला निघालेत, जगातली सरकारं चालवतात आणि आत गेलेल्या माणसाचा मेंदू धुऊन त्याला घरादारापासून तोडतात.’ फ्रीमेसन ही एकमेकांना भाऊ मानणाऱ्या लोकांची एक जुनी संघटना, तिच्या शाखेला लॉज म्हणतात. माझे वडील, अण्णा, तिचे सभासद होते आणि लॉजमध्ये पांढरा एप्रन बांधायचे. मेसेज मी वाचून सोडून दिला असता. पण परभणीच्या चुलत वहिनींनी आईला फोन केला, “काकू, अण्णांचा तो पांढरा एप्रन घरात ठेवू नका, जाळून टाका.” संध्याकाळी मी घरी आले तर आई ट्रंक उघडून पलंगावर बसलेली, एप्रन मांडीवर. “खरंच तसलं काही असेल का गं?” म्हणाली. सत्तेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हा प्रश्न पडावा! म्हणून हे लिहितेय.

आधी सैतान. ही गोष्ट पॅरिसच्या लिओ टॅक्सिल नावाच्या लेखकानं रचली. १८८५ पासून बारा वर्षं तो लॉजमधल्या सैतानपूजेच्या कहाण्या छापत राहिला. डायना वॉन नावाची एक बाईसुद्धा त्यानं मनानंच उभी केली आणि तिच्या नावानं ‘कबुलीजबाब’ लिहिले. मोठमोठे धर्मगुरू फसले. शेवटी १९ एप्रिल १८९७ ला भरसभेत उभं राहून त्यानंच सांगितलं, की हे सगळं मी बनवलं. मेसेजमध्ये पुढं अल्बर्ट पाईक या अमेरिकन मेसनचं म्हणून ‘ल्युसिफर हाच देव’ असं जे वाक्य दिलंय, तेही याच कारखान्यातलं. पाईक १८९१ ला वारला, वाक्य छापून आलं १८९४ ला. रचणाऱ्यानंच कबूल केलेलं खोटं सव्वाशे वर्षांनी नांदेडात माझ्या आईची झोप उडवतंय, याचा मला संताप येतो.

रक्ताची शपथ. जुन्या शपथेत गळा कापण्याची भाषा होती, हे खरं आहे. त्यानं कुणाचा गळा कापला जात नव्हता, पण भाषा ओंगळच होती. इंग्लंडच्या ग्रँड लॉजनं, म्हणजे तिथल्या लॉजच्या वरच्या संस्थेनं, १९८६ साली ती शपथेतून काढली.

धर्म बुडवण्याबद्दल एवढंच सांगते. स्वामी विवेकानंदांनी १८८४ साली कोलकात्यात मेसन म्हणून दीक्षा घेतली होती. आणि धर्माचे, राजकारणाचे वाद लॉजच्या दाराबाहेर ठेवायचे, हा नियम १७२३ सालच्या छापील घटनेत आहे.

सरकारं चालवण्याचं म्हणाल, तर इटलीत १९८१ साली ‘पी टू’ नावाच्या लॉजचं प्रकरण उघडकीला आलं, त्यात मंत्री आणि लष्करी अधिकारी होते. हे मान्य करावंच लागतं. त्या लॉजला तिथल्या ‘ग्रँड ओरिएंट’ या वरच्या संस्थेनं पाच वर्षं आधीच स्थगिती दिली होती, तरी डाग तो डागच. ओळखीपाळखी वाढवायला येणारेही असतात. आणि बहुतेक लॉजमध्ये बायकांना आत घेत नाहीत, हे मला आजही खटकतं.

आता मेंदू धुण्याचं. अण्णा पाटबंधारे खात्यात होते आणि बोलताना अडखळायचे. ‘प’ आला की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत, आणि हाताखाली काम काय, तर पाणीपाळीचं! हैदराबादला बदली असताना ते लॉजमध्ये गेले. तिथं कागद बघून बोलत नाहीत, सगळं तोंडपाठ लागतं. पहिल्यांदा दाराशी उभं राहायचं काम, मग सालोसाल एकेक पायरी चढत मास्टरच्या, म्हणजे लॉजच्या प्रमुखाच्या, खुर्चीपर्यंत. प्रत्येक पायरीला नवं पाठांतर. पहाटे गच्चीवर येरझाऱ्या घालत अण्णा पुटपुटायचे, ते मी अर्धवट झोपेत ऐकलंय. बदली होऊन नांदेडला आल्यावरही रात्रीच्या गाडीनं जायचे, सकाळी परत यायचे.

लॉजमध्ये मास्टरनं परवानगी दिल्याशिवाय कुणी बोलत नाही, आणि बोलणाऱ्याला कुणी मध्येच तोडत नाही. पुढं कालव्याच्या टेलचे आणि वरच्या गावचे शेतकरी काठ्या घेऊन समोरासमोर आले, तेव्हा अण्णांनी तेच केलं. एकेकाला उभं केलं, दुसऱ्याला गप्प बसवलं, सगळ्यात शेवटी स्वतः बोलले. ‘पाणी’ हा शब्द अडखळले, पण पूर्ण बोलले. मी तेव्हा जीपमध्ये बसले होते, नववीत होते.

घरापासून तोडतात म्हणे. नव्या सभासदाला पहिल्या दिवशी चोवीस इंची पट्टी दाखवतात. ती दिवसाच्या चोवीस तासांची खूण. थोडा वेळ देवाला, थोडा कामाला, थोडा अडल्यानडल्याला. आणि मदत करायची ती आपलं, आपल्या माणसांचं नुकसान न करता, हे तिथंच सांगतात. अण्णांच्या टेबलावर लाकडी पट्टी असायची. पुतण्याच्या, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याच्या, बारावीच्या फीचा हिशेब त्याच टेबलावर झाला होता.

वहिनी, एप्रन कोकराच्या कातड्याचा आहे, निळ्या काठाचा. आईनं त्यात पुन्हा डांबराच्या गोळ्या घालून ठेवलाय. दिवाळीला याल तेव्हा तुमच्या हातात देईन.