जाब विचारल्याने मध्यवर्ती बँकेची स्वायत्तता संपत नाही

‘मध्यवर्ती बँकेला जाब विचारला की तिची स्वायत्तता संपते, खुलेपणाने बाजार बिथरतात, आणि कारभार नीट आहे की नाही हे नफ्यातोट्यावरून दिसतेच’ असा युक्तिवाद बराच फिरतो आहे. त्यामागची काळजी खोटी नाही, कारण निवडणुकीच्या तोंडावर व्याजदर उतरवायला लावणारे सत्ताधारी अनेक देशांनी पाहिले आहेत. तरीही त्यातला एकही निष्कर्ष टिकत नाही.

आधी स्वायत्तता. न्यूझीलंडने 1989 च्या कायद्याने आपल्या रिझर्व्ह बँकेला मोकळीक दिली, तेव्हा महागाईचे उद्दिष्ट अर्थमंत्री आणि गव्हर्नर यांच्या जाहीर करारात लिहायचे आणि कामगिरी अपुरी ठरल्यास गव्हर्नरला दूर करता येईल, ही तरतूदही त्याच कायद्यात केली. निर्णयाआधी हुकूम सोडणे हा हस्तक्षेप झाला. निर्णयानंतर कारणे मागणे हा नव्हे. ब्रिटनमध्ये महागाई 2 टक्क्यांच्या उद्दिष्टापासून एका टक्क्याहून अधिक ढळली की बँक ऑफ इंग्लंड या तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरला अर्थमंत्र्यांना खुले पत्र लिहावे लागते. मार्च 2007 चा दर 3.1 टक्के निघाला आणि तेव्हाचे गव्हर्नर मर्व्हिन किंग यांनी एप्रिलमध्ये असे पहिले पत्र लिहिले. दर का चढला आणि तो खाली आणण्यासाठी बँक काय करत आहे, हे त्यात होते. त्यामुळे बँकेचे अधिकार कुणी काढून घेतले नाहीत. भारतात मात्र 2022 मध्ये महागाई सलग तीन तिमाही 6 टक्क्यांच्या वर राहिल्यावर रिझर्व्ह बँकेने कायद्याप्रमाणे सरकारला अहवाल दिला, पण तो तेव्हा जाहीर झाला नाही. ज्यांनी ती महागाई सोसली, त्यांनाच तिची कारणमीमांसा वाचायला मिळू नये, हे मला पटत नाही.

बाजार बिथरण्याची भीती तर अनुभवाने खोडून काढली आहे. फेब्रुवारी 1994 पर्यंत अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह व्याजदराचा निर्णय बैठकीनंतर लगेच जाहीरच करत नसे. तिच्या रोखे खरेदी-विक्रीवरून जाणकारांनी अंदाज बांधायचा. आज निर्णय त्याच दिवशी आणि बैठकींचे शब्दशः इतिवृत्त सुमारे पाच वर्षांनी प्रसिद्ध होते. अडचणीतील बँकांना दिलेल्या कर्जाची नावे लगेच फोडली तर ठेवीदार धावतील, ही शंका रास्त आहे. म्हणूनच 2010 च्या कायद्यानंतर ती नावे सुमारे दोन वर्षांनी उघड केली जातात. गुप्ततेला मुदत घालता येते.

नफातोटा हे तर अगदीच लंगडे माप आहे. व्याजदर वाढवले की बँकेकडील जुन्या रोख्यांचे मोल घटते आणि व्यापारी बँकांनी तिच्याकडे ठेवलेल्या ठेवींवर जास्त व्याज द्यावे लागते, म्हणजे योग्य निर्णयानेही तोटा होतो. चेक प्रजासत्ताक आणि चिली यांच्या मध्यवर्ती बँका कित्येक वर्षे उणे भांडवलावर, म्हणजे मालमत्तेपेक्षा देणी जास्त अशा स्थितीत, राहूनही आपले काम करत होत्या.

कार्यक्षमता पाहायची तर अंदाज आणि प्रत्यक्ष यांतले अंतर मोजावे, साधने तपासावीत. ऑक्टोबर 2022 मध्ये ब्रिटनमधील महागाई 11.1 टक्क्यांवर गेल्यानंतर बँक ऑफ इंग्लंडने आपल्या अंदाजपद्धतीची तपासणी फेडरल रिझर्व्हचे माजी अध्यक्ष बेन बर्नान्के यांच्याकडे सोपवली. एप्रिल 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात आढळले की अंदाज बांधण्यासाठी वापरली जाणारी काही महत्त्वाची सॉफ्टवेअर कालबाह्य झाली होती. कोणत्याही ताळेबंदात ही गोष्ट दिसली नसती.