पासपोर्ट लॉकरात आणि आपण किनाऱ्यावर?

आमच्या अमळनेरच्या व्याह्यांनी परवा ग्रुपवर एक मेसेज टाकला. व्याह्यांना चारचौघांत खोटं पाडणं शोभत नाही, पण पुढच्या महिन्यात आमच्यातले सव्वीस जण सिंगापूरहून क्रूझने निघणार आहेत आणि तो मेसेज सगळ्यांनी अंगठा दाखवून मान्य करून टाकलाय. म्हणून लिहितो.

मेसेजचा सार असा: बंदरावर उतरताना पासपोर्ट कधीच सोबत नेऊ नका, केबिनच्या लॉकरात ठेवा. क्रूझचं कार्ड हाच तुमचा पासपोर्ट. खाली कोणी विचारत नाही, विचारलं तर मोबाइलमधला फोटो दाखवा. बोट चुकली तर कंपनी पासपोर्ट आणून देते. आणि पासपोर्ट चोरीला गेला तर महिनोन् महिने परदेशात अडकाल.

मी भुसावळला आयुष्यभर टीसी होतो. कागद न दाखवण्याची कारणं मी जेवढी ऐकली, तेवढी कीर्तनंही ऐकली नसतील.

‘क्रूझचं कार्ड हाच पासपोर्ट.’

ते कार्ड म्हणजे खोलीची किल्ली आणि बोटीवरचं उधारीचं खातं. उतरताना-चढताना ते स्कॅन करतात, कोण बाहेर आहे हे बोटीला कळावं म्हणून. तुम्ही कोणत्या देशाचे, व्हिसा आहे की नाही, यातलं काहीही ते कार्ड बंदराच्या पोलिसाला सांगत नाही. बऱ्याच बंदरांच्या फाटकावर कार्डासोबत सरकारी फोटो ओळखपत्र मागतात. ‘आधार आहे ना’ म्हणणाऱ्यांना सांगतो, आधार आपल्या गाडीत चालतं, मलेशियाच्या पोलिसाला त्याचं काय?

हा सल्ला मुळात आला कुठून, याचा मला अंदाज आहे. अमेरिकन नागरिक आपल्याच बंदरातून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या बऱ्याच क्रूझवर जन्माचा दाखला आणि फोटो ओळखपत्र एवढ्यावर जाऊ शकतात, पासपोर्ट लागतच नाही. त्यांच्यासाठी लिहिलेलं कोणीतरी मराठीत आणलं आणि ‘अमेरिकन’ हा शब्द वाटेत गळला. आपलं तसं नाही. युरोपच्या क्रूझवर तर शेंगेन व्हिसाच पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला असतो. पासपोर्ट लॉकरात म्हणजे व्हिसाही लॉकरात.

‘बोट चुकली तर कंपनी पासपोर्ट आणून देते.’

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त धोक्याचं. पुष्कळ कंपन्यांची पद्धत अशी की वेळ झाली आणि माणूस आला नाही, तर सिक्युरिटीवाले केबिनचा लॉकर उघडतात आणि पासपोर्ट सापडला तर बंदरावरच्या एजंटकडे देऊन निघतात. पण ही पद्धत आहे, हमी नाही. बोट धक्क्याला न लागता समुद्रात उभी असेल आणि शेवटची छोटी बोट परतून गेली असेल, तर तो पासपोर्ट किनाऱ्यावर कोण आणणार? आणि सौभाग्यवतींनी तो लॉकरऐवजी साड्यांच्या घडीत ठेवला असेल तर?

‘आपण कशाला चुकवू?’ असं भुसावळला पाणी भरायला उतरणारा प्रत्येक जण म्हणायचा. बाटली हातात, तिकीट-पाकीट बर्थवर, आणि गाडीचा शेवटचा डबा यार्डाकडे. असल्यांना मी ऑफिसात बसवून चहा पाजलाय. तीन वर्षांपूर्वी फुकेटला त्या बाकावर मीच बसणार होतो.

आमची बोट सिंगापूरच्या घड्याळावर चालत होती. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. किनाऱ्यावर पाय ठेवताच माझ्या मोबाइलने गुपचूप थायलंडची वेळ लावून घेतली. शेवटची छोटी बोट साडेचारची. आम्ही नारळपाणी पीत निवांत, मोबाइलवर तीन वाजून वीस. पाय दुखतात म्हणून सौ. म्हणाली, चला, धक्क्यावरच जाऊन बसू. तिथे बघतो तर रांग संपत आलेली, दोर सोडायची तयारी आणि पांढऱ्या कपड्यांतला एक पोरगा हात हलवून ओरडतोय. बोटीच्या घड्याळात चार वीस झाले होते. पाय दुखले नसते तर आम्ही तासाभराने, अगदी वेळेवर, रिकाम्या धक्क्यावर पोहोचलो असतो. खिशात क्रूझ कार्ड, थायलंडच्या बात चलनाच्या थोड्या नोटा आणि मोबाइलमध्ये अकरा टक्के बॅटरी. पासपोर्ट लॉकरात, मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणे अगदी सुरक्षित.

तेव्हापासून मनगटावर साधं काट्याचं घड्याळ आणि त्याला बोटीची वेळ. शिवाय केबिनमध्ये रोज कार्यक्रमाचा कागद येतो. त्यावर परतण्याची वेळ आणि बहुधा बंदर एजंटचा फोन नंबरही असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. मोबाइलमधला फोटो कामाला येतो तो इथे.

‘मोबाइलमधला फोटो चालतो.’

आपल्या रेल्वेतसुद्धा डिजिलॉकरमधलं आधार चालतं, गॅलरीतला फोटो चालत नाही. यावरून किती भांडणं अंगावर घेतलीत! पासपोर्टची झेरॉक्स आणि फोटो दोन्ही जवळ ठेवाच, हरवला तर नंबर सांगायला फार उपयोग होतो. पण विमानाच्या काउंटरवर त्या फोटोची किंमत शून्य.

‘खाली कोणी विचारत नाही.’ सिमकार्ड घ्यायला विचारतात, नोटा बदलायला विचारतात, युरोपात खरेदीवरचा कर परत मागायला विचारतात. पुढे चला.

‘चोरीला गेला तर महिनोन् महिने अडकाल.’

चोरीची भीती खोटी नाही. बार्सिलोना-रोमचे पाकीटमार दादर स्टेशनवाल्यांना शिकवतील. पण महिने लागत नाहीत. पोलिसांत तक्रार करायची, भारतीय दूतावासात जायचं, तिथे घरी परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. ते फक्त भारतात येण्यासाठी आणि एकाच प्रवासाचं. त्यावर पुढच्या बंदरात बोट गाठता येत नाही. म्हणजे बॅगा सिंगापूरला आणि आपण मुंबईला. त्रास मोठा आहेच. फुकेटहून बँकॉकचा दूतावास रस्त्याने आठशे किलोमीटरच्या पुढे आहे. पण हाच त्रास पासपोर्ट बोटीबरोबर निघून गेला तरी आहे. पासपोर्ट हातात असेल, तर निदान तिकीट काढून निघता येतं. पुन्हा सिंगापुरात शिरायचं तर तिथला व्हिसा एका प्रवेशाचा आहे की अनेक, हे मात्र घरूनच बघून निघा.

आता चोरापासून जपायचं कसं, हे खानदेशी माणसाला मी काय सांगू? रावेर-सावद्याचा शेतकरी केळीचे पैसे घेऊन गर्दीच्या बसमधून येतो, ते काय पाठीवरच्या सॅकमध्ये? बंडीच्या आतल्या खिशात, वरून सदरा. सौ.ने आमच्यासाठी जुन्या खणाच्या दोन पिशव्या शिवल्यात, गळ्यात अडकवून कपड्याच्या आत जाणाऱ्या. पासपोर्ट आधी प्लास्टिकच्या चेनवाल्या पिशवीत, मग खणाच्या. छोट्या बोटीत पाण्याचे फवारे उडतात.

आणि एक. स्कूटर भाड्याने देणारा पासपोर्ट गहाण मागेल, तो द्यायचा नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा. दुसऱ्याची वस्तू गहाण ठेवतात का?

मेसेज बरोबर ठरतो अशा दोन वेळा आहेत. काही बोटी चढतानाच सगळ्यांचे पासपोर्ट इमिग्रेशनसाठी जमा करून घेतात. तिथे आपलं काही चालत नाही. पावती सांभाळा आणि बंदरावर काय दाखवायचं ते रिसेप्शनला विचारून घ्या. दुसरी वेळ पोहायला जायची. भिजलेला पासपोर्ट हा खराब पासपोर्टच, आणि वाळूत ठेवलेली पिशवी म्हणजे चोराला आमंत्रण. त्या दिवशी पाण्यात उतरणाऱ्याने पासपोर्ट लॉकरात ठेवावा आणि किनारा फार लांब सोडू नये. नाहीतर चौघांतल्या एकाने कोरडं राहून सगळ्यांचे सांभाळावेत.

एवढं लिहून आधी व्याह्यांनाच फोन करून वाचून दाखवलं, उगाच मनात राहायला नको. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “मंग तुम्हीच बठा पासपोर्ट लिसन (घेऊन).”