चरखी दादरीची टक्कर: 'एकाच उंचीवर सोडली' हे खरं नाही

12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळली. त्या अपघाताबद्दल फिरणाऱ्या मजकुराचा आशय साधारण असा असतो: 'दिल्लीच्या कंट्रोलरने सौदियाचं बोइंग आणि कझाकस्तानचं इल्युशिन एकाच उंचीवर समोरासमोर सोडलं. कझाक वैमानिकांना इंग्रजी कळलं नाही, शिवाय ढगांनी विमान खाली ओढलं. 349 माणसं गेली. आता विमानांत टीकॅस (टक्कर टाळण्यासाठी वैमानिकाला इशारा देणारी यंत्रणा) असतं, त्यामुळे असं पुन्हा घडूच शकत नाही.' मृतांचा आकडा बरोबर आहे. बाकीचं एकेक करून तपासू.

'एकाच उंचीवर सोडलं'

सौदिया या सौदी विमान कंपनीचं बोइंग 747 दिल्लीहून सौदीतल्या धाहरानकडे निघालं होतं. त्याला 14,000 फुटांवर थांबायला सांगितलं होतं. कझाकस्तानातल्या चिमकेंटहून येऊन दिल्लीत उतरणाऱ्या इल्युशिन-76 ला 15,000 फुटांची परवानगी होती. मध्ये 1,000 फूट. त्या उंचीवर हे अंतर तेव्हाही नियमाप्रमाणे पुरेसं होतं आणि आजही आहे. एवढं अंतर असेल तर समोरासमोरची विमानं एकाच रेषेवरून जाऊ शकतात, रोज जातात.

कझाक विमानाने 15,000 गाठल्याचं रेडिओवर कळवलं. कंट्रोलरने तीच उंची राखायला सांगितलं, समोरून सौदियाचं 747 येतंय हे सांगितलं, 14 मैल अंतर सांगितलं, आणि ते 140 लेव्हलला, म्हणजे 14,000 फुटांवर आहे हेही सांगितलं. समोरून येणाऱ्या जेट विमानांना 14 मैल संपवायला मिनिट-दीड मिनिट लागतं. याहून जास्त तो काय सांगणार होता?

इल्युशिन मात्र 15,000 ला थांबलंच नाही. ते 14,500 च्याही खाली आलं. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने मूळ कारण म्हणून परवानगीशिवाय उंची सोडण्यावरच बोट ठेवलं.

कंट्रोलरला हे दिसलं का नाही, हा प्रश्न रास्त आहे, आणि इथे व्यवस्थेला झुकतं माप देण्याचं कारण नाही. दिल्लीचं तेव्हाचं रडार प्राथमिक प्रकारचं होतं. पडद्यावर ठिपका कुठे आहे ते कळे, किती उंचीवर आहे ते कळत नसे. विमानाच्या ट्रान्सपॉन्डरकडून (रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणाकडून) उंची घेणारं दुय्यम रडार अजून वापरात आलं नव्हतं. म्हणजे उंची वैमानिक सांगेल तीच. त्यात दिल्लीभोवतीचं बरंच आकाश हवाई दलाकडे, म्हणून येणारी-जाणारी नागरी विमानं एकाच पट्ट्यातून. येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले ते या अपघातानंतर. दोष द्यायचाच तर या दोन गोष्टींना द्या, उंची वाटून देणाऱ्या माणसाला नव्हे.

'इंग्रजी कळलं नाही, एवढंच'

अर्धं खरं. आयोगानेही कमकुवत इंग्रजीची नोंद केली. समोरच्या विमानाची उंची म्हणून सांगितलेला '140' हा आकडा आपल्यासाठीची सूचना वाटणं शक्य आहे. पण '150 गाठलं' हे त्याच पथकाने इंग्रजीतच सांगितलं होतं. गडबड कॉकपिटच्या आतली होती. इल्युशिनमध्ये कंट्रोलरशी बोलायचा तो रेडिओ ऑपरेटर. त्याच्यासमोर स्वतःचा अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, नव्हता. वैमानिकांच्या खांद्यावरून पाहावं लागे. बोलणारा एक, विमान उतरवणारा दुसरा.

उंची पाळण्याची पद्धत कंटाळवाणी असते, आणि ती तशीच असावी. मिळालेली उंची कंट्रोलरला परत वाचून दाखवायची. एकाने ती यंत्रात भरायची, दुसऱ्याने आकडा पाहून मोठ्याने म्हणायचा. 1,000 फूट उरले की तसं बोलायचं आणि उतरण्याचा वेग कमी करायचा. अल्टिमीटरवरचा हवेचा दाबही दोघांनी ताडून पाहायचा, कारण एका हेक्टोपास्कलची (हे दाबाचं एकक) चूक जवळपास 28 ते 30 फुटांची असते. 10 चुकले तर 300 फूट गेलेच. ठरलेल्या वेळी ठरलेलं वाक्य बोलण्याची ही शिस्त त्या कॉकपिटमध्ये नव्हती, हेही आयोगाने नोंदवलं आहे.

शेवटी चूक रेडिओ ऑपरेटरच्याच लक्षात आली. 150 ला चला, असं तो म्हणाला. इंजिनांना पूर्ण जोर दिला गेला, विमान थोडं वर चढलं आणि त्याची शेपटी बोइंगच्या डाव्या पंखावर आदळली. चढलं नसतं तर बहुधा खालून निघून गेलं असतं.

'ढगांनी खाली ओढलं'

कझाक बाजूने हा मुद्दा मांडला होता. ढगांत धक्के बसतात, उंची हलते, हे खरं. पण उंची राखता येत नसेल तर वैमानिकाने ते तत्काळ कंट्रोलरला कळवायचं असतं. तसं कळवल्याची नोंद नाही.

'टीकॅस आहे, आता चिंता नाही'

दोन्ही विमानांत टीकॅस नव्हतं. असतं तर ही टक्कर टळण्याची शक्यता मोठी होती, आणि भारताने नंतर ते सक्तीचं केलं हे योग्यच झालं. पण 'घडूच शकत नाही' हे चूक.

1 जुलै 2002 ला जर्मनीतल्या युबरलिंगेनवर टुपोलेव-154 आणि मालवाहू बोइंग 757 आदळली, 71 माणसं गेली. टीकॅस दोन्हींत होतं. टुपोलेवला ते 'वर चढा' सांगत होतं, कंट्रोलर 'खाली या' म्हणत होता, आणि पथकाने कंट्रोलरचं ऐकलं. 757 टीकॅसच्या सांगण्यावरून खालीच येत होतं. आता नियम निःसंदिग्ध आहे: टीकॅसने वर किंवा खाली जायला सांगितलं की कंट्रोलर उलट सांगत असला तरी टीकॅसचंच ऐकायचं, तेही साधारण 5 सेकंदांत, आणि तसं रेडिओवर कळवायचं.

शिवाय टीकॅसला समोरच्याच्या ट्रान्सपॉन्डरचं उत्तर लागतं. 29 सप्टेंबर 2006 ला ब्राझीलवर 37,000 फुटांवर लेगसी नावाचं एक छोटं जेट आणि गोल कंपनीचं बोइंग 737 भिडलं. लेगसीचा ट्रान्सपॉन्डर चालू नव्हता, म्हणून दोघांपैकी कुणालाच इशारा मिळाला नाही. 737 मधले सर्व 154 जण गेले. लेगसी मोडक्या पंखाने उतरलं.